कॅसेट, मक्तेदारी आणि गाणाऱ्याची मजुरी

यंत्र आले की क्रांती होते, अशी भाबडी श्रद्धा आपल्या अर्थपंडितांत रुजली आहे. संगीताच्या धंद्याबाबत तर ती वेदवाक्यच झाली. कॅसेट आली नि मक्तेदारी कोसळली, इंटरनेट आले नि गायक स्वतंत्र झाला! इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये आणली. भारतात पुढची सुमारे दीड दशके तिने काहीही उलथवले नाही. जबर आयातकर व परवानापद्धती यांमुळे टेपरेकॉर्डर ही सुखवस्तूंची चैन राहिली आणि तबकड्यांचा बाजार एचएमव्हीच्या मुठीत. चित्र पालटले ते आखातात राबून परतणाऱ्या मजुरांमुळे. त्यांच्या सामानातून ‘टू-इन-वन’ गावोगाव पोचले. सरकारने बंधने सैल केली ती मागाहून.

तबकडीला कारखाना लागे, कॅसेटची नक्कल एका खोलीत होई. त्यामुळे भीमगीते, भारुडे, लावण्या स्वस्तात घरोघर गेल्या, प्रल्हाद शिंदे व विठ्ठल उमप यांचे आवाज वस्त्यावस्त्यांत घुमले. हे मोलाचे होते, यात वाद नाही. परंतु भीमगीत काही कॅसेटने जन्माला घातले नाही. १९३० च्या दशकापासून आंबेडकरी जलशांनी ते गाणे आणि त्याचा श्रोता दोन्ही घडवले होते. चळवळ नसती, तर त्या फितीवर भरायचे काय? आणि १९९० च्या सुमारास अयोध्येच्या नावाने विखार ओकणारी भाषणे पसरली, ती याच फितीवरून. यंत्राला पक्ष नसतो, हे म्हणणाऱ्यांनी फीत कोणाच्या पैशाने भरली जाते तेही पाहावे.

मक्तेदारी मोडली म्हणावे, तर कायद्यातील मुभेचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गळ्यांतून विकणारी टी-सीरीज स्वतःच बलाढ्य झाली. मालक बदलला, गाणाऱ्याच्या हाती बहुधा तीच ठोक रक्कम पडत राहिली. गीतकार-संगीतकारांना सहीनिशीही गमावता येणार नाही असा स्वामित्वधनाचा वाटा कायद्याने दिला तो थेट २०१२ मध्ये, आणि तोही कोणत्या यंत्राने नव्हे, तर त्यांनी चिकाटीने केलेल्या मागणीमुळे.

आता गाणे मोबाईलवर ऐकले जाते. वाटणीचे गणित मात्र मंचांचे मालक आणि ध्वनिमुद्रण कंपन्या आपसांत ठरवतात. शाहिराला सभेपूर्वी गर्दी जमवण्यासाठी आपण हमखास बोलावतो. त्याच्यापुढे कंपनीचे करारपत्र येते, तेव्हा शेजारी बसून ते वाचणारा कार्यकर्ता चळवळीने किती तालुक्यांत उभा केला?