बागेचा राखणदार, भावाचा राखणदार

दरवर्षी ५ जूनच्या आगेमागे आपल्या चर्चच्या आवारांत रोपे लावली जातात. धर्मगुरू त्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, मुले घोषणा देतात, छायाचित्रे निघतात आणि निसर्गाविषयीच्या ख्रिस्ती जबाबदारीवर एखादे भाषण होते. यांतील किती रोपे पुढला उन्हाळा पाहतात, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. रोप लावल्याने जबाबदारी पार पडली, असे समाधान घेऊन आपण घरी परततो, ते समाधान खरे आहे काय?

ते खरे नाही, असे आमचे मत आहे, आणि ते मांडण्यासाठी आम्ही वाचकांस फुलसावंगीस नेऊ इच्छितो. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील हे गाव. काळ्या जमिनीचा, कपाशीचा हा मुलूख आहे. बंजारा व आंध समाजाची वस्ती या पट्ट्यात मोठी आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी या गावाचे नावही ऐकलेले नसेल. म्हणूनच ते आम्ही निवडले. जे आपल्या अंगणात नाही त्याविषयी आपले ख्रिस्तीपण काय सांगते, हे तेथेच कळेल.

या मुलखाच्या शेतीचा इतिहास थोडक्यात असा. महाराष्ट्रात हरितक्रांती आणणारे मुख्यमंत्री वसंतराव नाईक शेजारच्याच पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, आजही कृषिदिन म्हणून पाळला जातो. संकरित बियाणे आले, रासायनिक खत आले, औषधे आली आणि उत्पन्न वाढले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्याच मुलखातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९८६ साली पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. राज्यातील पहिली नोंदली गेलेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. चिलगव्हाण फुलसावंगीच्याच तालुक्यात आहे. तो दिवस होता १९ मार्च. वाचकहो, ही तारीख आपणांस निराळ्या कारणासाठी पाठ आहे. घामाच्या कमाईवर पवित्र कुटुंब पोसणाऱ्या संत योसेफाचा तो सण. एका कुटुंबप्रमुखाच्या गौरवार्थ आपण दिवे लावतो त्याच दिवशी दुसरा कुटुंबप्रमुख आपल्या घराचा दिवा विझवून गेला. त्या दिवशी शेतकऱ्यांची मुले आता अन्नत्याग करतात. आपल्या वेदीवरून मात्र त्या सहा जीवांसाठी प्रार्थना झाल्याचे आमच्या कानी आलेले नाही.

आता २०१७ सालाकडे येऊ. बोंडअळीस दाद न देणारे म्हणून २००२ साली या देशात परवानगी मिळालेले बीटी बियाणे तोवर गुलाबी बोंडअळीपुढे हतबल झाले होते. पऱ्हाटी उंच व दाट वाढली होती आणि फवारण्यांवर फवारण्या चालल्या होत्या. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो जणांस रुग्णालयात जावे लागले. मृतांत स्वतःची जमीन नसलेले, रोजाने दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. वापरात असलेल्या औषधांपैकी मोनोक्रोटोफॉस हे एक. २०१३ साली बिहारमध्ये शाळेच्या माध्यान्ह भोजनात तेच मिसळले जाऊन २३ बालके मृत्युमुखी पडली होती. त्याहून जुनी एक गोष्ट आहे. २००५ सालीच हे औषध भाजीपाल्यावर वापरण्यास आपल्या देशात बंदी झाली होती. कपाशीवर ते चालू राहिले.

या भेदाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भाजी आपण खातो, कापूस खात नाही. म्हणजे ग्राहकाच्या पोटात विष जाऊ नये एवढी काळजी घेतली गेली. फवारणाऱ्याच्या श्वासात ते जावे की न जावे, याची काळजी त्या प्रमाणात घेतली गेली नाही. स्नानसंस्काराच्या वेळी आपण बालकास शुभ्र वस्त्र देतो. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलींची पांढरी वस्त्रे पाहून आपले डोळे भरून येतात. त्यांतील कापूस कोणत्या शेतातला, हे कोणी सांगू शकणार नाही. पण ते सांगता येत नाही, एवढ्यावर आपली सुटका होत नाही.

येथे तीन आक्षेप हमखास घेतले जातात. तिन्ही आम्ही अनेकदा ऐकले आहेत.

पहिला आक्षेप असा की, दोष मजुरांचाच आहे. ते तोंडाला फडके बांधत नाहीत, हातमोजे घालत नाहीत, वाऱ्याची दिशा पाहत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की, हे बोलणाराने श्रावण-भाद्रपदाच्या दमट उकाड्यात, छातीइतक्या पऱ्हाटीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन एक तास चालून पाहावे. डबीवरील लाल त्रिकोण व कवटी अतिविषारी औषधाची खूण आहे खरी. परंतु मजुराच्या हाती बहुधा डबी येत नाही, कालवलेले पाणी येते. संरक्षक साधने कोणी विकत घ्यावयाची? रोजावर जगणाऱ्याने? मेलेल्यास निष्काळजी ठरविणे ही जिवंतांची सर्वांत स्वस्त सोय आहे.

दुसरा आक्षेप : औषधाविना कपाशी होत नाही, तुम्ही शहरात बसून कास्तकारास उपाशी मारणार काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यास आम्ही मान देतो. सर्व फवारण्या उद्यापासून बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु यवतमाळमध्ये वापरल्या गेलेल्या औषधांत युरोपात परवानगी नसलेलेही एक होते, आणि त्याबद्दल २०२० साली यवतमाळच्या बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये दाद मागण्यात आली. जे तेथील माणसास अपायकारक, ते येथील माणसास चालते, असे कोणते शास्त्र सांगते? कास्तकाराच्या गरजेच्या नावाखाली माणसामाणसांत असा भेद करण्यास आमचा विरोध आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे : हे शासनाच्या कृषी खात्याचे काम, ख्रिस्तसभेने आत्म्यांचे तारण पाहावे. शिवाय त्या गावात आपली माणसे किती? यास उत्तर पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानांवर आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर मानवास बागेत ठेवतो, तो तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठी. ‘राखण’ या अर्थाचा मूळ हिब्रू शब्द ‘शामर’ या धातूपासून आलेला आहे. दोनच अध्यायांनंतर तोच धातू पुन्हा येतो, तो काइनाच्या तोंडी. हाबेल कोठे आहे, असे विचारले असता मी काय भावाचा राखणदार आहे, असे तो उलट विचारतो. बागेची राखण आणि भावाची राखण यांसाठी शास्त्राने दोन शब्द वापरले नाहीत. आणि भावाचे रक्त कोठून आक्रोश करते? भूमीतून. ज्याने भावाकडे पाठ फिरविली त्यास भूमीनेही पीक देणे नाकारले, असे तेथे लिहिले आहे. काइनाने जो प्रश्न केला तोच आपण ‘तेथे आपली माणसे किती’ या सभ्य भाषेत करीत आहोत. दयाळू शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूचा धर्म विचारला नव्हता.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतही संदिग्धता उरलेली नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली असिसीच्या संत फ्रान्सिसांस पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून घोषित केले आणि १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाचा संदेश याच विषयास वाहिला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र दिले. भूमीची हाक आणि गरिबांची हाक एकत्रच ऐकली पाहिजे, हा त्याचा गाभा. आपण मात्र भूमीची हाक तेवढी निवडली, कारण रोप परत बोलत नाही.

या भाषेचा राग येऊन कोणी वसईचे उदाहरण देईल. ते देण्याजोगे आहेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी भूमी व पाणी यांसाठी दिलेला लढा आपल्या समाजाचे भूषण आहे. २०२४ साली फादर आपल्यातून गेले तेव्हा धर्माच्या भिंती ओलांडून महाराष्ट्र हळहळला. परंतु वसई आपले अंगण होते. अंगण राखणे कर्तव्य होय; शेजाऱ्याचे शेत राखणे हा धर्म होय. वसईचा वारसा सांगणाऱ्यांनी आता विदर्भाकडे तोंड वळवावे.

काय करावे, हे न सांगता थांबणे योग्य होणार नाही. आपल्या दिनदर्शिकेत तीन जागा आहेत. १९ मार्चला संत योसेफाच्या सणी साहेबराव करपे व त्यांच्या मागोमाग गेलेल्या सर्वांसाठी मिस्साबळी अर्पण व्हावा. १५ मे हा संत इसिदोर यांचा दिवस. ते स्वतः दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे मजूर होते. त्या दिवशी, पेरणीपूर्वी, ज्या धर्मग्रामांकडे वा संस्थांकडे शेती आहे त्यांनी जाहीर करावे की, आमच्या शेतात फवारणारास साधने आम्ही देऊ, डबी त्यास वाचून दाखवू आणि लाल त्रिकोणाचे औषध आणणार नाही. आणि तिसरी जागा १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टिकाळ. तो नेमका पऱ्हाटीवर फवारणी चालू असण्याचा काळ आहे. त्या पाच आठवड्यांत विदर्भातील धर्मग्रामांनी जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विषबाधेचा रुग्ण आला आहे काय, त्यास उपचार मिळतो आहे काय, त्याच्या घरी चूल पेटते आहे काय, एवढे विचारावे. बाकीच्यांनी त्यांस खर्च पुरवावा.

रोपे अवश्य लावा. परंतु परमेश्वराने मानवास केवळ झाडाचा हिशेब विचारला नाही. तुझा भाऊ कोठे आहे, हेही त्याने विचारले. फुलसावंगीच्या शिवारात या पावसाळ्यातही कोणीतरी पंप पाठीवर घेईल, आणि तो प्रश्न पुन्हा आपणांस विचारला जाईल.