उसवा, पण खोक्यात टाकू नका

तुमच्या घरात कुठेतरी एक अर्धवट भरतकाम असणार. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या साडीच्या खोक्यात, सुई तशीच खोचलेली आणि दोऱ्याच्या लडी एकमेकींत गुंतलेल्या. मी ज्या ज्या घरी हा विषय काढला, तिथे तिथे असं खोकं निघालं. 'कंटाळा आला हो' असं सांगतात. कापड उघडून पाहिलं की बहुतेक वेळा खरं कारण दिसतं: कुठेतरी एक घर चुकलेलं असतं.

मॅटीवरच्या फुलीटाक्याबद्दल बोलते आहे मी. एकेकाळी आपल्याकडे हॉलमध्ये शिरलं की समोर पोपटाची जोडी किंवा 'सुस्वागतम' दिसायचं, ते हेच काम. चौकडीच्या कागदावरचा नमुना बघून टाके घालायची पद्धत एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या प्रकाशकांनी फार लोकप्रिय केली. कागदावरचं एक घर म्हणजे कापडावरचा एक टाका. चित्र काढता येण्याची गरज नाही, मोजता आलं की झालं. आणि मोजण्यातच सगळी मेख आहे.

आधी हिशेब करा, मग कापड घ्या. चौदा काउंटची मॅटी म्हणजे इंचाला चौदा घरं. माझ्या मोराचा नमुना 140 बाय 112 घरांचा, म्हणजे भरलेलं चित्र 10 बाय 8 इंच. चारी बाजूंनी तीन-तीन इंच फ्रेमसाठी सोडले, म्हणून कापड 16 बाय 14 घेतलं. एकूण घरं 15,680. निम्मी जागा मोकळी राहते असं धरलं तरी आठ हजारांच्या आसपास फुल्या. माझा हात तासाला शंभरावर जात नाही. म्हणजे ऐंशी तास, तेही एकदाही न चुकता. हा आकडा आधी कळला असता, तर 'गणपतीपर्यंत होईल' असं मी जावेला सांगितलं नसतं.

कापड चार घड्या घालून मधोमध खूण करा आणि सुरुवात तिथूनच. त्याआधी साध्या शिवणाच्या फिकट दोऱ्याने दर दहा घरांवर उभा-आडवा धावदोरा घालून घ्या. मी आळस केला. मानेचा निळा रंग भरताना एक घर डावीकडे सरकले, आठवडाभर त्याच धुंदीत सहाशे फुल्या घातल्या आणि मान धडाला जोडायला आले तर एका घराची फट! मग सगळे करतात तेच केलं. इकडे एक फुली जास्त, तिकडे एक कमी, अशी चोरी. दुसऱ्या दिवशी लांबून पाहिलं तर मोराला लचक भरल्यासारखी दिसत होती.

रात्री साडेदहाला रागाने कात्री घेतली, फुलीबरोबर मॅटीचाच धागा कापला आणि शेंगदाण्याएवढं भोक पडलं. ते नंतर बुजलं. कापडाच्या कडेचे धागे काढून सुईने एक वर, एक खाली असे विणून घेतले. त्यात दोन दुपारी गेल्या. म्हणून सांगते, उसवायचं ते सकाळी, खिडकीशी बसून. भरायला वापरतो तीच बोथट टोकाची सुई टाक्याखाली घाला, उलट बाजूने दोरा हळू सोडवा, वीतभर मोकळा झाला की तेवढाच कापा. उसवलेला दोरा पुन्हा वापरू नका. तो पिंजलेला असतो आणि नव्या दोऱ्याशेजारी मळकट दिसतो.

प्रत्येक चूक उसवायची नसते. मोकळ्या पानात, ढगात, पिसाच्या टोकाला एक घर इकडेतिकडे झालं तर खुशाल सोडा. किनार असेल, दोन बाजू सारख्या असतील किंवा पुढचा भाग त्याला येऊन मिळायचा असेल, तर मात्र लगेच उसवा. उशीर कराल तितक्या फुल्या वाढतात. फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला हवा, हेही सुरुवातीलाच ठरवा. दोन दिशा झाल्या की एकाच रंगात डाग पडल्यासारखं दिसतं.

सासूबाई काम हातात घेतलं की आधी उलटं करून बघायच्या. मला तेव्हा राग यायचा. आता निम्मं पटतं. फ्रेम झाल्यावर मागची बाजू कोण बघतो? पण पांढऱ्या मॅटीमागून काळा दोरा दहा घरं ओढत नेला, तर तो पुढून सावलीसारखा दिसतोच. दोरा हातभरच घ्या, गाठ न मारता शेपूट पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबा, आणि उठताना कापड रिंगमधून काढा. महिनाभर ताणून ठेवलं की वळ राहतो.

जाळीच्या कॅनव्हासवर लोकरीने भरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. सगळे टाके तिरके एका बाजूला जातात, म्हणून चौकोन कलतो. ते काम वाया गेलेलं नसतं. लोकरीचा रंग जात नाही याची आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने खात्री करा. मग कॅनव्हास ओलसर करून गंज न धरणाऱ्या टाचण्यांनी पाटावर काटकोनात ताणून बसवा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. एकदा नाही जमलं तर पुन्हा करा. पार्श्वभूमीची लोकर मात्र एकदमच घ्या. नंतर आणलेल्या लडीचा रंग तोच नंबर असूनही किंचित वेगळा निघू शकतो. मॅटीच्या कामातही लाल किंवा मरून रंग धुताना सुटला, तर घाबरून इस्त्री करू नका, उष्णतेने डाग पक्का होतो. थंड पाण्यात, पाणी नितळ होईपर्यंत खळबळत राहा.

या रविवारी ते खोकं खाली काढा. लगेच भरायला बसू नका. नमुन्याचा कागद शेजारी ठेवून, कुठे थांबलात ते मोजा आणि चूक सापडली की तिथे टाचणी लावा. पहिल्या दिवशी एवढंच पुरे.

माझ्या मोराची मान परवा जुळली. पिसारा बाकी आहे, साधारण चार हजार फुल्या.