बाण मारणारा सान चोर नाही!

मुंबईकरांनो, सुरतेत पैलू पडून वांद्रे-कुर्ला संकुलात विकल्या जाणाऱ्या हिऱ्यांत बोत्सवानाचेही हिरे असतात. म्हणूनच त्या देशातला एक अन्याय तुमच्यासमोर मांडत आहोत.

बोत्सवानातल्या कलहारीच्या गवताळ प्रदेशात सान हे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या गेम्सबॉक, कुडू, ईलंड या कुरंगांची शिकार करत आले. बाणाला, टोकाच्या जरा मागे, भुंग्याच्या अळीचं विष चोपडायचं. टोकालाच लावलं आणि चुकून ओरखडा उठला, तर शिकाऱ्याच्याच जिवावर बेतायचं. मोठं जनावर पडायला कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो. तोवर वाळूतले ठसे वाचत मागे चालायचं. मांस साऱ्या वस्तीत वाटलं जातं. असं जगूनही त्यांनी कळप संपवले नाहीत.

1961 मध्ये तिथे सुमारे 52,800 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र झालं, महाराष्ट्राच्या जवळपास सहाव्या हिश्शाएवढं. ते वन्यप्राण्यांसाठी होतं, तसंच या माणसांसाठीही होतं. तरी 1997 आणि 2002 मध्ये सरकारने सानांना उठवून बाहेरच्या वसाहतींत नेलं. पाण्याची कूपनलिकासुद्धा बंद केली. 2006 मध्ये बोत्सवानाच्या उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की त्यांना हलवणं बेकायदा आणि शिकारीचे परवाने नाकारणं घटनाविरोधी. तरीही 2014 मध्ये सरकारने देशभर शिकारबंदी आणली. तिच्यातून खासगी शिकार-रँच वगळले. पैसे मोजून शिंगं भिंतीवर टांगणाऱ्याला मोकळीक, पोरांच्या तोंडी घास घालणारा मात्र गुन्हेगार! त्याच वर्षी राखीव क्षेत्राच्या आत हिऱ्यांची खाण सुरू झाली.

वन्यजीव वाचवायचे म्हणून हे केलं, असं कुणी सांगेल. मग कुंपणांचं काय? लाळ्या-खुरकूत रोखून गोमांस परदेशी विकता यावं म्हणून 1958 मध्ये या क्षेत्राच्या उत्तरेला कुके कुंपण घातलं. 1980च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले विल्डबीस्ट कुरंगांचे कळप कुंपणांपाशी अडले आणि हजारोंनी तहानेने मेले. ती हत्या कुणाच्या बाणाने झाली नव्हती.

2019 मध्ये बंदी उठली. पण बंदी उठणं म्हणजे सानांच्या हाती हक्काचा परवाना येणं नव्हे. आमची मागणी आहे: 2006च्या निकालाप्रमाणे सानांना त्यांच्याच भूमीवर पोटापुरत्या शिकारीचे परवाने द्या; शिवाय तिथे पाणीही पोहोचवा. बोत्सवानाच्या नवी दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाला हेच लिहा. हिरा घेताना सराफाला विचारा, तो कुठल्या खाणीतला आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.