डावखुरेपणा : जनुकांचा वाटा किती?

मूल डाव्या हाताने घास उचलू लागले की ‘हे कोणावर गेले?’ हा प्रश्न घरात हमखास निघतो. आजोबा, मामा, आत्या अशी नावे आठवली जातात. घराण्यात कोणीच डावखुरे सापडले नाही, तर सवयीला दोष देऊन मुलाच्या उजव्या हातात पेन्सिल दिली जाते. गेल्या काही वर्षांतील संशोधन मात्र वेगळेच सांगते. डावखुरेपणात आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण तो मर्यादित आहे आणि उरलेला भाग वाईट सवयीचा नाही.

जगात साधारण दहातील एक माणूस डावखुरा असतो. आई-वडील दोघेही उजवे असतील, तर शंभरातील सुमारे १० मुले डावखुरी निघतात. दोघांपैकी एक डावखुरा असेल तर सुमारे २० आणि दोघेही डावखुरे असतील तर सुमारे २६. म्हणजे दोन्ही पालक डावखुरे असूनही सुमारे तीन-चतुर्थांश मुले उजवीच असतात. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास सारखी असतात, तरीही दर चार-पाच जोड्यांपैकी एका जोडीत दोघांचे हात वेगळे असतात. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार हा फरक सुमारे २५ टक्के आनुवंशिक आहे.

‘डावखुरेपणाचे एकच जनुक’ असावे, ही कल्पना त्यामुळे मागे पडली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासण्यात आली. त्यात डावखुरेपणाशी संबंधित ४१ जागा जनुकसंचात आढळल्या. प्रत्येक जागेचा परिणाम अत्यंत लहान आहे. यातील काही जनुके पेशीला आकार देणाऱ्या सूक्ष्मनलिकांशी संबंधित आहेत. गर्भात शरीराची डावी-उजवी बाजू ठरताना आणि मेंदूतील पेशींची जोडणी होताना या नलिका महत्त्वाचे काम करतात.

२०२४ मध्ये नेदरलँड्समधील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी ब्रिटनमधील साडेतीन लाखांहून अधिक प्रौढांची जनुकीय माहिती तपासली. सूक्ष्मनलिकांच्याच ‘टीयूबीबी४बी’ या जनुकातील दुर्मीळ बदल डावखुऱ्यांमध्ये २.७ पट अधिक आढळले. आकडा मोठा वाटतो, पण हे बदल हजार डावखुऱ्यांमागे एकाकडेही नसतात. त्यामुळे जनुकीय चाचणी करून मूल डावखुरे होईल का, हे सांगता येत नाही.

मग उरलेला भाग कशाचा? संशोधकांचा कल गर्भातील मेंदूच्या जडणघडणीत योगायोगाने होणाऱ्या लहान फरकांकडे आहे. हाताची पसंती जन्माआधीच दिसू लागते. सोनोग्राफीत उजवा अंगठा चोखताना दिसलेल्या ६० गर्भांची पुढे शाळकरी वयात पाहणी झाली, तेव्हा सर्वच्या सर्व उजवी निघाली. डावा अंगठा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी झाली, तर पाच उजवी.

प्रौढांच्या अभ्यासात आणखी एक अडचण असते. डावखुरे कोणाला म्हणायचे? सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करीत असे, पण लिहितो डाव्या हाताने. सौरव गांगुली डावखुरा फलंदाज, पण गोलंदाजी उजव्या हाताने करीत असे. मोठ्या अभ्यासांत बहुधा ‘तुम्ही कोणता हात वापरता?’ एवढाच प्रश्न असतो. बालपणी हात बदलायला लावलेला माणूस त्यात ‘उजवा’ म्हणून नोंदला जाऊ शकतो. ब्रिटनमध्येही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांमध्ये डावखुऱ्यांची नोंद बरीच कमी आहे. इतक्या कमी काळात जनुके बदलत नाहीत. बदलली ती शाळेतली सक्ती.

आपल्याकडे जेवताना, प्रसाद घेताना उजवाच हात पुढे करण्याचा आग्रह आजही दिसतो. तेवढ्यापुरता रिवाज मूल सहज शिकते. लिहिण्याचा हात बदलायला लावणे मात्र वेगळे. बालपणी हात बदललेल्या प्रौढांच्या मेंदूच्या तपासणीत, उजव्या हाताने लिहितानाही काही भागांचे काम डावखुऱ्यांसारखेच चाललेले दिसले. मुलाचे डावखुरेपण कोणाकडून आले याचा शोध घेण्यापेक्षा त्याला डाव्या हाताची कात्री आणि बाकावर डाव्या बाजूची जागा देणे अधिक उपयोगाचे आहे.