दार वाजेना!

जुलैमधली सोमवारची सकाळ. बाहेर धो धो पाऊस, सिंहगड रोडवर नेहमीचा ट्रॅफिक आणि नऊचा कॉन्फरन्स कॉल मी गाडीतूनच ऐकतोय. बॉस काहीतरी महत्त्वाचं सांगत होते आणि माझ्या उजव्या दारातून आवाज असा येत होता, की कुणी कढईत पापड तळतंय! चरचर, खरखर, मग एक ‘फट्ट’... आणि शांतता. ड्रायव्हरच्या दारातला स्पीकर गेला.

अशा वेळी आपण काय करतो? गुन्हेगार शोधतो. माझा तयारच होता. आदल्या दिवशी धाकटी बहीण मैत्रिणींना घेऊन ताम्हिणीला गेली होती. संध्याकाळी घरात पाय टाकल्या टाकल्या मी सुरू, “काच उघडी ठेवली होतीस ना?”

“नाही रे दादा. सीट कोरडी आहे, बघ जाऊन. पायातली मॅट तेवढी खालून ओली होती.”

मी बघितलं नाही. उलट, “नवीन स्पीकरचे पैसे तुझ्या पगारातून” असं सुनावून मोकळा झालो. तिची पहिलीच नोकरी, पहिला पगार अजून हातात यायचा होता. ती काही बोलली नाही. गाडीची किल्ली फ्रीजवर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पावसात छत्री घेऊन बसने ऑफिसला जायला लागली.

शनिवारी म्हटलं, चला, बघू तरी. आमच्या गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. मी थेट नवीन स्पीकरचा विषय काढला, तर ते हसले. “आधी स्पीकरच गेलाय, हे कुणी सांगितलं?”

त्यांची पद्धत सांगतो, घरीही करता येईल. आधी सिस्टीमचा बॅलन्स आणि फेडर फिरवून एकेक स्पीकर वेगळा ऐका. नक्की कोणता रुसलाय ते कळतं. मग दाराचं आतलं पॅनल काढून त्याची वायर बाजूच्या, चांगल्या स्पीकरला लावून बघा. तो वाजला तर वायर ठीक आहे, आजारी स्पीकरच. तोही मुका राहिला तर दोष वायरमध्ये किंवा सिस्टीममध्ये. दार आणि बॉडीच्या मध्ये रबराची नळी असते ना, तिच्यातून वायर जाते. रोज दार उघडून-मिटून ती तिथेच तुटते. कनेक्टरवर हिरवट थर दिसला तर समजायचं, पाणी आलं होतं.

तिसरी टेस्ट मला सर्वांत आवडली. स्पीकरची वायर काढून रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. ‘टक्’ आवाज आला आणि कोन हलला तर कॉईल जिवंत आहे. (हे मोठ्या स्पीकरवर करायचं, ट्वीटरवर नाही.) मल्टिमीटर असेल तर चार ओहमचा स्पीकर साधारण साडेतीन ओहम दाखवतो. काहीच रीडिंग नाही म्हणजे कॉईल तुटली. तपकीर गल्लीत साधा मल्टिमीटर पिझ्झापेक्षा स्वस्त मिळतो, घेऊन ठेवा.

आमच्या स्पीकरने ‘टक्’ केलं नाही. काकांनी कोन बोटांनी हळूच दाबला, तर आत वाळू असल्यासारखं घासलं. कागदी कोन फुगून मऊ पडलेला, मागे मॅग्नेटवर तांबूस गंज. “हे एका दिवसाचं काम नाही,” काका म्हणाले. “दोन पावसाळे तरी लागलेत.”

दोन पावसाळे! ताम्हिणीची ट्रिप झाली होती सहा दिवसांपूर्वी.

मग त्यांनी जे समजावलं, ते मला इतकी वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं. गाडीच्या दारात पाणी जातंच. जायलाच हवं! काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या रबर पट्टीतून थोडं आत उतरतं, पत्र्याच्या आतून खाली जातं आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून रस्त्यावर पडतं. आतल्या पत्र्यावर एक प्लॅस्टिकची शीट चिकटवलेली असते. ती या पाण्याला तुमच्याकडे येऊ देत नाही. म्हणजे दार हा एक छोटा पन्हाळच. फक्त वाट मोकळी हवी आणि शीट धड हवी.

माझ्या दारात दोन्हींची बोंब होती. तळाच्या भोकांत चिखल आणि झाडाचा कचरा गच्च बसलेला. काकांनी प्लॅस्टिकच्या केबल टायने तो उकरला आणि भळाभळा गढूळ पाणी आलं. (स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंग खरवडला की तिथून गंज सुरू.) आणि शीट? स्पीकरभोवती ब्लेडने टरकावलेली, खालची कड नुसती लोंबकळत होती. पाणी तिथून पॅनलमागे आणि पॅनलमागून थेट पायातल्या मॅटखाली.

सीट कोरडी, मॅट ओली. बहिणीने पहिल्याच दिवशी अख्खी केस सोडवून दिली होती!

आणि शीट कापली कुणी? दोन वर्षांपूर्वी मी हौसेने नवे स्पीकर बसवून घेतले तेव्हा. बसवणारा मुलगा सांगत होता, “सर, शीट परत चिकटवायला अर्धा तास लागेल.” मी घड्याळ बघत म्हणालो होतो, “राहू दे रे, आतलं कोणाला दिसतंय?”

असो. दुरुस्ती फार अवघड नव्हती. नवीन शीट ब्युटाईल टेपने चारही बाजूंनी चिकटवली आणि तिची खालची कड दाराच्या आतल्या बाजूला खोचली, म्हणजे पाणी आतच ओघळेल. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरायचं नाही, ते धातू खातं. यावेळी कागदाऐवजी पॉलीप्रॉपिलीन कोनचा स्पीकर घेतला. त्याच्या मागे, वरच्या बाजूला छत्रीसारखं प्लॅस्टिकचं झाकण लावलं, खालून मोकळं, म्हणजे पाणी साठणार नाही. स्पीकरखालची रिंगही प्लॅस्टिकची. एमडीएफची पाणी पिऊन फुगते. वायरला कनेक्टरच्या आधी खाली एक झोका दिला, की थेंब तिथूनच गळून पडतो.

तुमच्यासाठी होमवर्क, एका रविवारचं:

• काचेवर बाहेरून मगभर पाणी ओता. थोड्याच वेळात दाराखालून ठिबकायला हवं. नाही ठिबकलं तर भोकं बुजलीत.

• दार उघडताना आत खळखळ ऐकू आली तर मेकॅनिककडे आजच जा. आज स्पीकर, उद्या पॉवर विंडोची मोटर, परवा दाराचा पत्रा.

• काचेची रबर पट्टी कडक झाली असेल, भेगा पडल्या असतील तर बदला. वॉशिंगला दिल्यावर तिच्यावर जवळून प्रेशरचा फवारा मारू देऊ नका.

• नवे स्पीकर बसवताना समोर उभे राहा आणि शीट परत चिकटवल्याशिवाय पॅनल लावू देऊ नका. साइड एअरबॅगच्या काही गाड्यांत दारात प्रेशर सेन्सर असतो, तिथे तर दार नीट बंदिस्त असणं सुरक्षेचाच भाग आहे.

रविवारी सकाळी फ्रीजवरची किल्ली घेऊन बहिणीसमोर गेलो. “चूक माझी होती. काच तू उघडी ठेवली नव्हतीस.” बोलायला सोपं वाक्य, पण दाराचं पॅनल काढण्यापेक्षा जड गेलं.

तिने किल्ली घेतली, खाली जाऊन गाडीत बसली, गाणं लावलं, बॅलन्स पूर्ण उजवीकडे फिरवला. थोडा वेळ ऐकलं.

“मस्त वाजतोय. पण दादा, मी म्हटलं होतं तुला, सीट कोरडी आहे.”

“हो.”

“पुढच्या वेळी आधी माझं ऐक. स्वस्त पडेल.”

आणि गाडी घेऊन निघून गेली. मला मंडईतून भाजी आणायची होती. मी छत्री घेतली आणि बस पकडली.