दारातील मुकी पोर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. सायंकाळची घंटा वाजून गेली होती आणि आम्ही ओसरीवर बसलो होतो. इतक्यात आमच्या खानापूर तालुक्यातील या लहानशा गावातलीच एक माउली आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला नऊ महिन्यांची एक तांबूस कुत्री. मुलाचे डोळे रडून लाल झाले होते.

“फादर, चंपीला काही तरी रोग लागलाय बघा,” बाई म्हणाल्या. “तीन दिवस झाले, सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे थेंब पडतात. सासूबाई म्हणतात, पोत्यात घालून बाजारच्या गावात सोडून या. आणि हे पोरगं दुपारपासून जेवत नाही. काय करायचं सांगा की!”

आम्ही चंपीकडे पाहिले. डोळे तेजस्वी, नाक ओले, शेपटी हलते आहे. रोगाचे एकही लक्षण नव्हते. “बाई, चंपी आजारी नाही. ती पहिल्यांदाच माजावर आली आहे,” असे आम्ही सांगताच बाईंनी लाजून मान खाली घातली.

या लाजेचे आम्हांस नवल वाटते. गाय माजावर आली की आपण ते चार लोकांत मोठ्याने सांगतो, कारण गाय दूध देते. कुत्री फक्त पिल्ले देते, म्हणून तिच्याविषयी बोलावयास आपण लाजतो. या लाजेची किंमत ते मुके जनावर भरते. म्हणून त्या संध्याकाळी जे बाईंना सांगितले, तेच आज आपणा सर्वांस सांगत आहोत.

कुत्री साधारणपणे सहाव्या महिन्यापासून वर्षाच्या आत पहिल्यांदा माजावर येते. थोराड जातीच्या कुत्रीला दीड-दोन वर्षेही लागतात. गाईचा माज दर एकवीस दिवसांच्या सुमारास येतो आणि दिवसाभरात ओसरतो. कुत्रीचे तसे नाही. तिला तो बहुधा वर्षातून दोनदा येतो, पण आला की सुमारे तीन आठवडे राहतो. पहिले आठ-दहा दिवस योनीला सूज येते, रक्त ठिपकते आणि ती वारंवार थोडे थोडे मुतते. त्या वासाने दूरदूरचे कुत्रे दाराशी जमतात. पण या दिवसांत ती कोणाला जवळ येऊ देत नाही, गुरगुरते.

पुढे जे होते तेथेच पुष्कळ घरे फसतात. रक्त फिके पडते, गुलाबी किंवा गवती पाण्यासारखे दिसू लागते, आणि घरची माणसे म्हणतात, ‘झाले, सुटली एकदाची!’ असे म्हणून दोरी सोडतात. वस्तुतः तिचे खरे दिवस तेव्हाच सुरू होतात. पुढील आठ-दहा दिवस ती कुत्र्याला स्वीकारते आणि गाभण राहू शकते. म्हणून रक्त थांबल्यावर नव्हे, तर सूज पूर्ण उतरल्यावर आणि तीन आठवडे उलटून आणखी काही दिवस गेल्यावरच तिला मोकळे सोडावे. पहिल्या थेंबाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

आता तिला ठेवावे कोठे? अंगणात साखळीने बांधणे हा उपाय नव्हे. बांधलेली कुत्री पळू शकत नाही, पण कुत्रा तिच्यापर्यंत येऊ शकतो. दाराला कडी असलेल्या खोलीत किंवा बंद पडवीत तिला ठेवावे. खाली जुन्या सुती लुगड्याचे तुकडे अंथरून ते रोज धुवावेत. घरात तिचाच सख्खा भाऊ असेल तर त्यालाही दूर ठेवावे; जनावरांना नाते कळत नाही. शौचासाठी दिवसातून तीन-चार वेळा दोरी लावून, मोठ्या माणसानेच बाहेर न्यावे. ती स्वतःला चाटून स्वच्छ ठेवते. फार झाले तर कोमट पाण्याने पुसावे. वास मारण्यासाठी रॉकेल, मिरची, चुना असले काही लावू नये. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तिला देऊ नयेत. त्या विषासारख्या ठरू शकतात. तिची भूक मंदावली तर मारून खाऊ घालू नये. पाणी मात्र सदैव ठेवावे.

मुलांना दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. दाराशी जमलेले कुत्रे आपसांत भांडतात. त्यांच्यात शिरू नये. चावा झालाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण पिसाळीचा रोग एकदा अंगात उमटला की त्यावर उपाय नाही. चंपीलाही ती लस दर वर्षी द्यावी. दुसरी गोष्ट, जोडीत अडकलेल्या कुत्र्यांना दगड मारू नयेत, ओढू नये, पाणी ओतू नये. ती दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात आपोआप सुटतात. ओढल्याने दोघांनाही भयंकर इजा होते. हा खेळ नव्हे आणि त्यात हसण्यासारखेही काही नाही.

चुकून संग घडलाच तर कुत्रीला न मारता लगेच पशुवैद्यांकडे न्यावे. गर्भ राहिला तर सुमारे 63 दिवसांत पिल्ले होतात. माज थांबविण्याची इंजेक्शने मात्र कोणाच्या सांगण्यावरून देऊ नयेत. त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

माज सरल्यावरही दोन महिने लक्ष असावे. कधी कुत्री गाभण नसताही तिच्या स्तनांत दूध येते, ती कोपऱ्यात बिछाना उकरते, चप्पल पिल्लासारखी सांभाळते. हे बहुधा आपोआप ओसरते. परंतु ती फार पाणी पिऊ लागली, अन्न सोडले, ओकू लागली, सुस्त पडली, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यावा. स्राव बाहेर दिसेलच असे नाही. त्या दिवशी उद्याची वाट पाहू नये.

‘एकदा तरी व्यायला हवी, नाहीतर कुत्री बिघडते’ असे गावात म्हणतात. यास आधार नाही. पिल्ले वाढविण्याची आणि त्यांना चांगली घरे मिळवून देण्याची ताकद नसेल, तर माजानंतर दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्यांकडून गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी. त्याने नको असलेली पिल्ले टळतात आणि पू होण्याचे भयही जाते.

उरला प्रश्न पोत्याचा. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल असे सोडून देणे हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवू. माजावर आलेली नऊ महिन्यांची कुत्री परक्या बाजारात सोडली तर तिचे काय होईल, हे आम्ही बाईंना विचारले. त्या काही बोलल्या नाहीत. मुलाने मात्र दोरी घट्ट धरली.

चंपी त्यांच्या लाकडांच्या खोलीत तीन आठवडे राहिली. एका रात्री कुत्र्यांनी दाराखालची माती उकरली. मुलाच्या वडिलांनी तेथे जाते आणून ठेवले. पुढे दीड महिन्याने चंपीने सासूबाईंची चप्पल पळवून तिच्याभोवती वेटोळे केले. म्हातारी प्रथम रागावली, मग म्हणाली, “असू दे, तिला वाटतंय तिचं लेकरू.” पंधरा दिवसांनी चप्पल तिची तिला परत मिळाली. माघ महिन्यात मुलाचे वडील चंपीला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. सोबत म्हातारीही गेली होती, असे आम्हांस मागाहून कळले.

वाचकहो, ज्यांच्या दारात कुत्रीचे पिल्लू आहे, त्यांनी आज तिचे महिने मोजावेत. सहावा लागला असेल तर एका खोलीची कडी तपासून ठेवावी.