‘अब मैं कां जाऊं?’

मी बारावीत असतानाची गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास आमचं दार वाजलं. बाहेर गल्लीतल्याच एक भाभी उभ्या होत्या. कडेवर मुलगी, पायांत चप्पल नाही, ओठ फुटलेला. अम्मीने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्या पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, “खाला, अब मैं कां जाऊं?”

सकाळी मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी जमली. नवऱ्याला चार शब्द सुनावले, त्याने मान खाली घातली, सगळ्यांचा चहा झाला. दुपारी भाभी परत त्याच घरात. ‘घर वाचलं,’ असं सगळे म्हणाले. त्या घरातून आवाज नंतरही येत राहिले. आमचं दार मात्र भाभींनी पुन्हा कधी वाजवलं नाही.

एवढा मार खाऊन बाई राहते कशाला, असं आपण सहज बोलून जातो. पण तिने जायचं कुठे? माहेरी भावाच्या दोन खोल्या. वडील म्हणणार, डोलीतून गेलीस, आता जनाज्यातूनच बाहेर ये. हातात पैसे नाहीत, कागदपत्रं सासूच्या कपाटात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. सांगून रात्रीपुरतंही छप्पर मिळणार नसेल, तर सांगायचं कशाला?

कायदा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो सर्व धर्मांच्या बायकांना सारखाच लागू आहे, त्यासाठी व्यक्तिगत कायद्याच्या वादात शिरण्याची गरज नाही. कलम १७ बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतं, मग घर कोणाच्याही नावावर असो. कलम १९ खाली न्यायालय मारणाऱ्या नवऱ्यालाच घराबाहेर काढू शकतं. खरं तर तेच व्हायला हवं. पण अर्जाची पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी, असं कायदाच म्हणतो. ते तीन दिवस आणि त्या तीन रात्री तिने कुठे काढायच्या?

त्यासाठी कलम ६ आहे. पीडित बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागणी केली, तर निवारागृहाने तिला आसरा द्यायचा आहे. आधी घटनेची नोंद केली नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही. तिची इच्छा असेल तर ती तिथे असल्याचं नवऱ्याला कळवायचं नाही, असंही नियमांत लिहिलेलं आहे. २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर सुरू झाली. तिथे औषधोपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय एका जागी मिळणं अपेक्षित आहे. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२.

पाच दिवस पुरत नाहीत, हे खरं. पुढच्या मोठ्या मुक्कामाच्या जागा आणखी हव्यात, आणि त्या मागणं आपलं काम आहे. पण आधी तिथवर पोहोचायचं कसं? तालुक्याच्या गावाहून रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी जायला एसटी नसते. सोबतीला कोणी नसतं.

इथे आपली गरज आहे. कोरोनात आपण ऑक्सिजन सिलिंडर वाहिले, घरोघरी रेशन पोहोचवलं, मशिदी आणि मदरशांचे दरवाजे रुग्णांसाठी उघडले. रात्री-बेरात्री धावणारी पोरं आपल्याकडे आहेत. मग या बाईसाठीच आपण ‘घरचा मामला’ का म्हणतो?

जमातीच्या हॉलमध्ये एक खोली काढू, असं कोणी सुचवेल. भावना चांगली आहे, पण मोहल्ल्यातली खोली नवऱ्याला पाच मिनिटांत सापडते. निवाऱ्याची जागा दूरच हवी आणि तिचा पत्ता गुप्त हवा. आपण तिला सुखरूप तिथे पोहोचवायचं. विश्वासाची एक गाडी, सोबत दोन बायका. निकाहनामा, आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती एखाद्या मैत्रिणीकडे आधीच ठेवलेल्या. आणि ती कुठे आहे, हे विचारणाऱ्या प्रत्येकासमोर बंद तोंड. ‘तिचे मामू’ म्हणून आले तरी बंद.

समझोत्याला माझा विरोध नाही. पण फुटलेल्या ओठाने, झोपेविना, सात पुरुषांसमोर बसवलेली बाई ‘हो’ म्हणते, त्याला समझोता म्हणत नाहीत. आधी तिला सुरक्षित जागी चार रात्री झोपू द्या. मग परत जायचं की नाही, ते ती ठरवेल.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या जिल्ह्यातलं सखी केंद्र कुठे आहे ते शोधा, दिवसा जाऊन पाहून या, आणि रात्री तिथे फोन कोण उचलतं ते विचारून घ्या. आमच्या घरात त्या रात्री पाणी होतं, हळद होती, माया होती. हा एक पत्ता मात्र कोणाकडेच नव्हता.